मूठभर गहू

डोकं खाजायला लागलं म्हणून खेड्यात कुणी डॉक्टरकडे जात नाही. आधी उवा बघतात, मग तेल चोळतात, तरी थांबलं नाही तर साबण बदलतात. २०२४चा डिसेंबर संपता संपता बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात मात्र एवढं सगळं करायलाही वेळ मिळाला नाही. बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांच्या डोक्याला खाज सुटली आणि दोन-तीन दिवसांत केस हातात यायला लागले. कंगव्यात अडकतात तसे चार-दोन नव्हेत. नुसती बोटं फिरवून हलकेच ओढलं की झुपकाच निघून येई. दुखतही नसे. आणखी दोन-तीन दिवसांत डोकं गुळगुळीत. पुरुष, बाया, शाळकरी पोरं, कुणी सुटलं नाही. कुणाला आधी ताप आला होता, कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाला उलट्या-जुलाब झाले होते. पण खेड्यात जानेवारीच्या थंडीत या गोष्टींची वेगळी नोंद कोण ठेवतो?

जानेवारी सरेपर्यंत १८ गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली. एरवी गजानन महाराजांमुळे आणि कचोरीमुळे ओळखलं जाणारं शेगाव अचानक राष्ट्रीय वाहिन्यांवर झळकलं. वाहिन्यांनी नावही ठेवून टाकलं, ‘टक्कल व्हायरस’. व्हायरस कुठेच नव्हता, पण नाव चिकटलं. नाव चिकटल्यावर जे व्हायचं तेच झालं. त्या गावचा माणूस शेजारी येऊन बसला की लोक सरकून बसू लागले. मुलींनी कॉलेजला जाणं सोडलं, ठरत आलेली लग्नं अडली. अर्धवट विरळ डोकं मिरवण्यापेक्षा बऱ्याच जणांनी सरळ गोटा करून घेतला.

पुरुषाने गोटा केला तर फार तर कुणी विचारतं, घरात कोणी गेलं का, की तिरुपतीला जाऊन आलात? बाईचं तसं नाही. आपल्याकडे केस नसलेल्या बाईच्या डोक्याला एक जुना, ओंगळ अर्थ आहे. विधवांचं केशवपन आपल्या पणज्यांच्या काळापर्यंत चालू होतं. ते थांबावं म्हणून सुधारकांनी लेख लिहिले, भाषणं केली. पण १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच जमून ठरवलं की विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही, ही माझ्या मते त्या सगळ्या चळवळीतली सर्वांत थेट कृती होती. ज्याच्या हातात वस्तरा, त्यानेच तो खाली ठेवला. प्रथा गेली, अर्थ मात्र पुरता गेला नाही. म्हणून शेगावच्या बाया कॅमेऱ्यासमोर येताना डोईवरचा पदर दोन बोटं पुढे ओढत होत्या.

सरकारी पथकं आली तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला, आणि तो अगदीच वावगा नव्हता. पूर्णेच्या खोऱ्यातला हा भाग खारपाणपट्ट्याचा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट. विहीर खणावी तर डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पाण्याचे नमुने तपासले तर नायट्रेट जास्त, क्षार प्रमाणाबाहेर. झालं, सापडलं कारण! पण खारपाणपट्ट्यातले लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच पाणी पीत आले आहेत. त्याने मुतखडे होतात, मूत्रपिंडं थकतात. आठवड्यात टक्कल पडल्याचं कुणाच्या आजोबांनी सांगितलेलं नाही. मग बुरशीवर संशय गेला. टाळूवरचा नायटा केस खातो हे खरं, पण तो चट्ट्याचट्ट्याने पसरतो, त्याला कोंडा असतो, खपल्या असतात. मग संशय शाम्पूवर आला. ज्यांनी आयुष्यात शाम्पूला हात लावला नव्हता त्यांचेही केस गेले होते.

या तिन्ही संशयांत एक गोष्ट समान आहे. पाणी खराब, अंगावर बुरशी, शाम्पू हलका: तिन्हींचा रोख गावाच्या राहणीकडे आहे. खेड्यात आजार आला की आपण आधी त्या खेड्याची स्वच्छता तपासायला निघतो.

केस गळण्याचा वेग हा खरा धागा होता. तो धरायचा तर केस वाढतो कसा हे थोडं पाहायला हवं. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. प्रत्येक केसाचं मूळ आपापल्या वेळापत्रकाने चालतं: दोन ते सहा वर्षं वाढ, दोन-तीन आठवडे आवराआवर, मग तीनेक महिने विश्रांती आणि गळण. कुठल्याही दिवशी शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद केस वाढीत असतात. रोज पन्नास ते शंभर गळणं हा नेमाचा व्यवहार आहे. मोठा ताप, बाळंतपण, उपासमार, शस्त्रक्रिया यांचा धक्का बसला की वाढीतले बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. म्हणजे आज मोरीच्या जाळीवर जमलेल्या गुंत्याचं कारण आजच्या ताटात शोधायचं नसतं, दोन-तीन महिन्यांमागच्या कॅलेंडरवर शोधायचं असतं.

शेगावात तसं नव्हतं. तिथे विश्रांतीत गेलेले केस गळत नव्हते. वाढीतले, जोमातले केस मुळाशी तुटून येत होते. असं होतं ते कर्करोगाच्या केमोथेरपीत, तीव्र किरणोत्साराने, किंवा विषाने. थॅलियम, आर्सेनिक अशा मोजक्या विषांची ही खूण आहे. त्या मोजक्यांत आणखी एक नाव आहे, सेलेनियम.

ते पुढे आणलं महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. जालना जिल्ह्यातल्या देहेड या खेड्यातून आलेला हा माणूस. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पोरं पटापट मरत होती, तेव्हा प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध त्यावर चालतं हे त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून दाखवून दिलं. शंभरात चाळीसच्या घरातले मृत्यू एकाच्या आसपास आले. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या संस्थेचा आधार नसताना प्रश्नाच्या मुळाशी जायची सवय असलेला डॉक्टर. आयसीएमआरची पथकं रक्त, केस, पाणी, माती यांचे नमुने नेत होती, तेव्हा बावस्कर स्वतःच्या खर्चाने या गावांत गेले आणि घरातला गहू घेऊन आले. तो रेशनचा होता, पंजाब-हरियाणाकडून आलेला.

प्रयोगशाळेच्या अहवालात त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. धुतल्यावरही १३.६१. रुग्णांच्या रक्तात ते नेहमीच्या ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट होतं. जस्त मात्र घटलेलं. सरकारी तपासणीतही रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेलं आढळलं. बातम्यांत ‘सहाशे पट’ हा आकडा गाजला. तो स्थानिक गव्हाशी केलेल्या तुलनेतला. त्याच बातम्यांत नेहमीच्या गव्हाचं प्रमाण किलोला १.९ मिलिग्रॅम असंही दिलं होतं, म्हणजे भागाकार साडेसात पटींचा. तुलना कशाशी केली यावर पट ठरते. मला या दोन्हींपेक्षा ताटातला हिशोब जास्त महत्त्वाचा वाटतो.

तो असा. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं. अमेरिकेच्या मापाने ४०० ही वरची सीमा. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०२३मध्ये ती २५५वर आणली, आणि ती कशाच्या आधारावर? केसगळतीच्या. प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का हे पाहायला अमेरिका-कॅनडातल्या ३५ हजारांहून अधिक पुरुषांना घेऊन एक मोठा प्रयोग झाला होता. त्यात ज्यांना रोज २०० मायक्रोग्रॅमची सेलेनियमची गोळी मिळाली, त्यांच्यात केस गळण्याचं प्रमाण जास्त निघालं. कर्करोग काही टळला नाही. आता शेगावचं ताट. रेशनवर माणशी महिन्याला तीन किलो गहू धरला तर दिवसाला १०० ग्रॅम, म्हणजे तीन-चार पोळ्या. त्यातून १,४५२ मायक्रोग्रॅम. मजुरी करणारा माणूस दोन्ही वेळा पोळ्यांवरच भागवत असेल आणि दिवसाला ३०० ग्रॅम गहू पोटात जात असेल तर ४,३५६.

हा आकडा मी कागदावर मांडला तेव्हा दुसरा एक आकडा आठवला. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे १९६१ ते १९६४ या काळात काही गावांतल्या लोकांचे केस आणि नखं गळून पडली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या पाच गावांत २४८ माणसं, त्यांतली जवळजवळ निम्मी आजारी. दुष्काळाने भाताचं पीक बुडालं होतं, म्हणून लोक मका आणि डोंगरावरचा भाजीपाला जास्त खात होते. आणि त्या मातीत सेलेनियमने भरलेल्या दगडी कोळशाचा अंश उतरला होता. संशोधकांनी पुढे हिशोब केला तेव्हा त्या लोकांच्या पोटात रोज सरासरी ४.९९ मिलिग्रॅम सेलेनियम जात होतं असं दिसलं. मजुराच्या पोळ्यांतून येणारा आपला आकडा ४.३६ मिलिग्रॅम.

सेलेनियम हे केसांवरच का येतं, यामागे रसायनाची एक फसवणूक आहे. आवर्तसारणीत सेलेनियम गंधकाच्या बरोबर खाली बसतं. दोघांची वागणूक इतकी सारखी की गव्हाचं रोप जमिनीतून गंधक शोषतं त्याच दाराने सेलेनियमलाही आत घेतं आणि गंधक असलेल्या मेथिओनिन या अमिनो आम्लात गंधकाच्या जागी ते बसवून टाकतं. म्हणजे विष दाण्याच्या सालीवर धुळीसारखं बसत नाही, पिठाच्या प्रथिनातच विणलेलं असतं. धुऊन फारसं का गेलं नाही, याचं उत्तर यात आहे. पोळी खाल्ल्यावर माणसाचं शरीरही तसंच फसतं. हे मेथिओनिन खरं समजून वापरतं. शरीरात गंधकाच्या जोडण्यांवर सर्वांत जास्त उभी असलेली वस्तू म्हणजे केरॅटिन, म्हणजेच केस आणि नख. त्या जोडण्या कच्च्या राहिल्या की केस आपल्याच मुळाशी टिकत नाही.

हे काही नव्याने कळलेलं नाही. अमेरिकेत साउथ डकोटाच्या कुरणांत घोड्यांच्या आयाळी आणि शेपट्या झडायच्या, खुर निखळायचे. लष्करी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच त्याची नोंद केली होती आणि १९३०च्या दशकात कारण सापडलं. पंजाबात तर ही गोष्ट कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना गेली चाळीसेक वर्षं माहीत आहे. नवांशहर आणि होशियारपूर या जिल्ह्यांत, शिवालिकच्या पायथ्याशी, हजारेक हेक्टर जमीन अशी आहे. डोंगरातून पावसाळी ओढे उतरतात, त्यांना तिकडे ‘चो’ म्हणतात. त्यांनी वाहून आणलेल्या गाळात सेलेनियम आहे. तिथल्या म्हशींचे खुर फुटतात, केस झडतात. त्या शेतांतही गहू पिकतोच. आणि पिकलेला गहू बाजारात जातोच.

मग देशभर टक्कल का नाही पडलं, हा रास्त प्रश्न. माझा अंदाज असा की एरवी हा गहू हजार शेतांच्या गव्हात मिसळतो, आणि मिसळला की विरतो. एखाद्या वेळी न मिसळता काही पोती एकाच ट्रकमध्ये, एकाच गोदामात, एकाच तालुक्याच्या दुकानांत पोचली तर जे होईल ते शेगावात झालेलं दिसतं. सरकारी खरेदीत गव्हाची तपासणी होते: ओलावा किती, माती-कचरा किती, दाणा फुटका-सुरकुतलेला किती, किडका किती. सेलेनियम त्या यादीत नाही. खराब गहू डोळ्यांना दिसतो असं ती यादी धरून चालते. हा गहू डोळ्यांना चांगला टपोराच दिसला असेल.

वऱ्हाडातली जुनी माणसं रेशनच्या दुकानाला अजून ‘कंट्रोल’ म्हणतात. त्यांच्या लहानपणी कंट्रोलचा गहू ही अडीनडीची गोष्ट होती. घरचं अन्न म्हणजे ज्वारीची भाकर. गेल्या काही दशकांत शेतातली ज्वारी हटत गेली. आधी कपाशीने, मग सोयाबीनने जागा घेतली. शेतात आता विकायचं पिकतं आणि खायचं दुकानातून येतं. रेशनविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. त्या धान्याने या भागातली चूल पेटती ठेवली आहे. पण ज्याच्या ताटात ज्वारी, गहू, तांदूळ, बाजरी चार ठिकाणांहून येतं, त्याचं एका पोत्यातल्या दोषाने इतकं बिघडत नाही. एन्शीतही भात होता तोवर लोक तगले होते.

उपचार काय झाला? मलमं वाटली गेली, गोळ्या दिल्या गेल्या, सुरुवातीला बुरशीनाशक औषधंही. सेलेनियमच्या विषबाधेला उतारा असा नाही. स्रोत तोडायचा, बाकी काम मूत्रपिंडं करतात. गहू बदलल्यावर काही आठवड्यांतच बऱ्याच जणांच्या डोक्यावर पुन्हा लव दिसू लागली. मूळ जळालेलं नव्हतं, नुसतं केस धरू शकत नव्हतं.

इथे माझी स्वतःची छोटी गोष्ट सांगतो. डेंग्यूतून उठल्यावर अडीच महिन्यांनी माझे केस गळायला लागले. आईने माक्याचं तेल कढवलं, त्यात जास्वंदीची फुलं टाकली. मी मात्र शहाणपणा करून एका चकचकीत क्लिनिकमध्ये गेलो. तिथे पांढऱ्या कोटातल्या मुलीने भिंगाचा कॅमेरा टाळूवर फिरवला, पडद्यावर माझ्या डोक्याचं माळरान दाखवलं आणि सहा बैठकांचं पॅकेज पुढे ठेवलं. स्वतःचंच रक्त काढून टाळूत टोचायचं होतं. तीन महिन्यांत कुठला ताप आला होता, हा एक प्रश्न तिने विचारला नाही. पैसे भरायला घरून कार्ड आणायचं राहिलं होतं, म्हणून वाचलो. चार महिन्यांनी केस आपोआप आले. श्रेय आईच्या तेलाला गेलं. मी वाद घातला नाही.

सगळे केस असे आपोआप येत नाहीत, हेही सांगायला हवं. पुरुषांचं कपाळ मागे सरकतं आणि डोक्यावर चंद्र उगवतो, ते आनुवंशिक. तिथे टेस्टोस्टेरॉनपासून बनणारा एक संप्रेरक मुळांना हळूहळू बारीक करत जातो. त्यावरची दोन औषधं खरी काम करतात आणि दोन्ही दुसऱ्याच वाटेने आली. मिनॉक्सिडिल हे रक्तदाबाचं औषध. घेणाऱ्यांच्या कपाळावर, गालांवर लव वाढू लागली तेव्हा कंपनीच्या ध्यानात आलं. फिनास्टेराइडचं मूळ डोमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत आहे. तिथे जन्मतः एक विकर कमी असलेली मुलं मोठेपणी टक्कल न पडता जगतात, हे १९७४ साली जगासमोर आलं. पहिलं औषध लावणं थांबवलं की मिळालेले केस जातात. दुसरं पुरुषांचं, ते गरोदर बाईने हाताळूही नये, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणीच घेऊ नये. चाई पडते ती निराळी. शरीराचं सैन्यच केसांच्या मुळांवर उलटतं. नाण्याएवढी चाई बहुधा भरून येते. डोकंच्या डोकं गेलं तर त्यावर बॅरिसिटिनिबसारखी औषधं २०२२पासून मिळू लागली आहेत; महाग आहेत, आणि रक्ताच्या तपासण्या चुकवून चालत नाही. बायकांचे केस विरळ होत असतील तर तेलाआधी रक्तातलं लोह आणि थायरॉइड बघावं. बाजार यातलं काहीच वेगळं करत नाही. त्याच्या लेखी सगळी टकलं सारखी.

एकदा औषधाच्या दुकानात केस वाढवायच्या गोळ्यांची एक डबी हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. बायोटिन, जस्त, लोह आणि सेलेनियम. प्रमाण थोडंच होतं, त्याने काही बिघडणार नाही. पण २००८ साली अमेरिकेत असंच एक पूरक औषध बाजारात आलं, त्यावर सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम असं छापलेलं होतं. बनवताना चूक झाली आणि बाटलीत छापल्याच्या दोनशे पट पडलं. २०१ लोक आजारी पडले, शंभरातल्या बहात्तरांचे केस गळले. तब्येत चांगली राहावी म्हणून ते लोक ते औषध रोज घेत होते. त्यांना बाटली फेकून देता आली. कंट्रोलवर आलेलं पोतं फेकणं इतकं सोपं नसतं. त्यात पुढच्या महिन्याची पोळी असते.

२०२५च्या एप्रिलमध्ये शेगावच्या गावांतून पुन्हा बातमी आली. आता नखं खराब होत होती, काहींची गळून पडत होती. पुन्हा पथकं आली, पुन्हा नमुने गेले. खरं तर हा नवा आजार नव्हता, जुन्याचीच उशिरा आलेली पावती होती. बोटाचं नख महिन्याला तीनेक मिलिमीटर वाढतं. हिवाळ्यात मुळाशी झालेली इजा टोकाकडे सरकत दिसू लागायला वसंत उजाडतो. पायाचं नख त्याहून हळू वाढतं, त्याला वर्षही लागतं.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. जानेवारीत गोटा केलेल्या मुलीचे केस त्याच वर्षीच्या दिवाळीपर्यंत नऊ-दहा सेंटिमीटरचे झाले असतील. मानेपर्यंत येतात, क्लिप बसते, वेणी अजून घालता येत नाही.